टिकलीच्या मापाचा डाग

शिरड शहापूरला माझी आई शेवटपर्यंत लोकांना सांगत होती, "आमची सुजाता हिंगोलीला बायांची तोंडं गोरी करती." मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पाठक सरांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले, याचा गावात एवढाच अर्थ पोचला होता. सुट्टीत घरी गेले की शेजारच्या बाया भुवया कोरून घ्यायला ओट्यावर येऊन बसायच्या.

"आई, मी पार्लरमध्ये नाही, कारखान्यात आहे."

"मंग तिथं काय करतीस?"

"क्रीम, डोक्याचं तेल, कुंकू, टिकल्या."

"तेच तं सांगून राहिले मी," आई म्हणायची आणि विषय संपायचा.

आमचं घर बौद्ध. हळदीकुंकवाचं आमच्याकडे कधी प्रस्थ नव्हतं आणि मी मात्र पोटासाठी दिवसभर कुंकू घोटत होते. पाठक सरांचे वडील देवळात पूजेला. सर स्वतः बी.एस्सी. होऊन कुंकवाच्या धंद्यात पडले, त्यात क्रीम आणि तेल वाढवलं. मुलाखतीत त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. साबण तेल आणि पाणी यांना एकत्र कसा आणतो, आणि चूक झाली तर सांगाल का. पहिल्याचं उत्तर मी फळ्यावर आकृती काढून दिलं. दुसऱ्याला "हो सर" म्हणाले. ते उत्तर फारच पटकन दिलं होतं, हे पुढे कळलं.

आमचं काम बाहेरच्याला सांगायचं तर असं. तेल आणि पाणी यांचं जन्माचं वैर. त्या दोघांना एका डबीत दोन वर्षं गुण्यागोविंदानं नांदवायचं, त्याला क्रीम म्हणतात. डबी उघडल्यावर वास चांगला यावा, बुरशी येऊ नये, आणि लावणाऱ्याच्या कातडीला काही होऊ नये. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, पण ग्राहक ती कधी विचारत नाही. तो वास घेतो.

पहिल्याच उन्हाळ्यात मी पुस्तकातून काढलेली क्रीम बाजारात गेली आणि वारंगा फाट्यावरचा एक दुकानदार खोकंभर डब्या घेऊन जीपनं थेट कारखान्यात आला. एक डबी उघडून त्यानं माझ्यापुढे तिरपी केली. वर तुपासारखा गोळा, खाली पाणी.

"मॅडम, एवढंच सांगा. ही प्यायची का लावायची?"

मी रडकुंडीला आले. सर मात्र हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडी मागवली आणि माझ्या नव्या क्रीमच्या डब्या कारखान्याच्या पत्र्यावर मांडल्या. "मोठ्या प्रयोगशाळांत यासाठी यंत्र लागतं, खंदारेबाई. आपल्याला हिंगोलीचा मे महिना फुकट मिळालाय." जी क्रीम त्या पत्र्यावर पंधरा दिवस टिकेल तीच विकायची, असा नियम झाला. त्यानंतर आमच्या क्रीमला पाणी सुटलं नाही.

हे सगळं नव्वदच्या दशकातलं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. आसपास नांदेड, परभणी, जालन्याकडे आमच्यासारखे छोटे कारखाने होते आणि प्रत्येकात एखाददुसरा केमिस्ट एकटाच डोकं खाजवत बसलेला. अडलं तर विचारायचं कुणाला? शेजारच्याला विचारावं तर तो बाजारातला वैरी. म्हणून सरांनी मंडळ काढलं. नाव भारदस्त होतं, प्रसाधन रसायनज्ञ मंडळ. पहिल्या बैठकीला आम्ही तेराजण. पत्रं सरांनी स्वतः हातानं लिहिलेली, सतरंजी घरून आणलेली, पोहे वहिनींनी केलेले.

आणि कुणी तोंडच उघडेना! लोणच्याची कृती जशी घराबाहेर जात नाही तसे सगळे आपापला फॉर्म्युला पोटाशी धरून बसलेले. नांदेडचे शेखसाहेब तर स्वतःच्या तेलाचा रंगसुद्धा सांगायला तयार नव्हते, तो बाटलीतून दिसत होता तरी.

तेव्हा सर उभे राहिले. एका वेळी कढईत जेवढा माल होतो त्याला आम्ही घाणा म्हणायचो, भज्यांचा असतो तसा. "फॉर्म्युला कुणी सांगू नका," सर म्हणाले, "बिघडलेला घाणा सांगा. मी माझ्यापासून सुरुवात करतो." आणि त्यांनी पाणी सुटलेल्या क्रीमची गोष्ट दुकानदाराच्या वाक्यासकट सांगितली. क्रीम माझी होती, पण सांगताना ते "माझी क्रीम" म्हणाले. लोक पोट धरून हसले. मग शेखसाहेबांनी घसा खाकरून, गोठून बाटलीतून न निघणाऱ्या तेलाची कहाणी सांगितली. पोहे संपेपर्यंत सात घाणे बिघडले होते. दर तीन महिन्यांनी आम्ही असे जमायला लागलो. मी त्या मंडळात पुढे चिटणीस झाले, आणि खरं सांगते, विद्यापीठात दोन वर्षांत शिकले नसेन तेवढं त्या सतरंजीवर शिकले.

आता टिकलीचं सांगते.

कुंकू मागं पडून चिकटणाऱ्या टिकल्यांची चलती सुरू झाली होती. मखमली कापडाचे गोल कापायचे, मागे गोंद, आणि कार्डावर लावून विकायच्या. आमची टिकली देखणी होती, पण आपल्याकडच्या घामात टिकायची नाही. दुपारी बाई शेतातून येईपर्यंत टिकली नाकावर आलेली असायची. तक्रारी आल्या. मी बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून नवीन गोंद मागवला. हातावर टिकली लावून तीन दिवस भांडी घासली, डोक्यावरून आंघोळ केली, टिकली हलली नाही. मी सरांच्या टेबलावर कागद ठेवला, सरांनी सही केली. टिकली चिकटते का, ते मी बघितलं. कातडीला काय करते, ते बघितलं नाही. तीन दिवसांत ते कळतही नाही.

वर्षभर ती टिकली धो धो खपली.

मग एका सकाळी आमच्याकडच्या गोरेगावहून एक बाई आली. तिशीतली, काठाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. नाव सुमन, अंगणवाडीत शिकवत होती. आत येऊन खुर्चीवर न बसता तिनं कपाळावरची टिकली काढली. खाली पांढराशुभ्र गोल होता.

"ही तुमची टिकली. हा तुमचा डाग."

मी घाबरून म्हणाले, "ताई, डॉक्टरांना दाखवलं का? कोड पण असू शकतं."

"गावबी तेच म्हनून राहिलंय," ती शांतपणे म्हणाली. "मॅडम, म्या लेकरांना गोल, चौकोन शिकवते. कोड असं कंपासनं काढल्यावानी येत न्हाई." तिनं टिकली परत कपाळाशी धरली. माप तंतोतंत बसलं.

तिच्या धाकट्या बहिणीचं, कांताचं, लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांना कुणीतरी सांगितलं की मोठीला कोड आहे, म्हणजे घराण्यातच आहे. त्यांनी निरोप पाठवला, सध्या थांबा. सुमनताईंच्या सासूनं त्यांचं ताट-वाटी वेगळं केलं होतं.

सर बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. "ताई, तुम्ही म्हणाल ते करू," ते म्हणाले.

"भरपाई-बिरपाई मला नगं. बहिणीच्या सोयऱ्यांकडं येऊन सांगा, हे काहून झालं ते."

त्या संध्याकाळी सरांनी टिकल्या बंद केल्या. मी पुस्तकं काढून बसले, मोठ्या शहरातल्या दोन शिक्षकांना पत्रं टाकली. उत्तर आलं ते असं: काही गोंदांत एक रसायन असतं, ते कातडीचा रंग तयार करणाऱ्या पेशींनाच मारतं. सगळ्यांना होत नाही, पण होतं त्याला टिकलीच्या जागीच होतं. मी आणि आमचा जीपवाला गोरेगाव, सेनगाव, वारंगा फाटा असे दुकानादुकानांतून कार्डं परत आणत फिरलो. फाट्यावरचा तोच दुकानदार म्हणाला, "मॅडम, मागं माल खराब व्हता तं मी आणून दिला. आता चांगला खपून राहिला तं तुमी परत नेता. तुमचं काही कळत न्हाई."

पण खरी परीक्षा मंडळाच्या बैठकीत होती. तो गोंद आम्ही एकटेच वापरत नव्हतो. सरांनी गप्प बसावं तर दुसऱ्यांच्या टिकल्यांनी आणखी कपाळं जाणार. बोलावं तर बाजारभर बोभाटा, कारखाना बसणार. मी आदल्या दिवशी त्यांना म्हणाले, "सर, मी उभी राहते. गोंद मी आणला." ते म्हणाले, "अध्यक्ष मी आहे. तुम्ही इतिवृत्त लिहा."

बैठकीत सर उभे राहिले. पाणी सुटलेल्या क्रीमच्या वेळी जो आवाज होता तोच आवाज, फक्त या वेळी कुणी हसलं नाही. "माझी टिकली. मी न तपासता गोंद बदलला. गोरेगावच्या एका बाईच्या कपाळावर त्याचा डाग आहे." त्यांनी गोंदाचं नाव सांगितलं, व्यापारी सांगितला. माझा उल्लेख नाही. मी मान खाली घालून लिहीत राहिले. कागदावरची अक्षरं मला नीट दिसत नव्हती.

मग शेखसाहेब म्हणाले, "पाठकसाब, हमारा भी वही गोंद है." उठून ते बाहेर गेले, समोरच्या दुकानातून नांदेडला फोन लावला आणि आपला माल थांबवायला सांगून परत येऊन सतरंजीवर बसले. त्या दिवशी आणखी दोघांनी टिकल्या थांबवल्या. सरांच्या कारखान्याचं पुढचं वर्ष फार ओढाताणीचं गेलं, पण त्या गोष्टीवरून बाजारात सरांना कुणी टोमणा मारलेला मी ऐकला नाही.

राहिलं सोयऱ्यांचं घर. आम्हाला लगेच जाता आलं नाही, मुलाकडचे भेटायलाच तयार नव्हते. तोवर मी एक उद्योग केला होता. सुमनताई आल्या त्याच दिवसापासून डाव्या हाताच्या आतल्या बाजूला आमच्या तीन टिकल्या लावल्या होत्या. छोटी, मधली, मोठी. पडली की नवीन. सरांना कळलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, पण तोवर दीड महिना होऊन गेला होता.

शेवटी एका रविवारी सर, मी आणि सुमनताई सेनगावकडच्या त्या घरी गेलो. ओसरीवर मुलाचे आजोबा, वडील, दाराआड बायका. सरांनी रसायन समजावून सांगितलं. फार सुंदर सांगितलं, वर्गात सांगावं तसं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं बराबर असंल. पण डाग हाय तं हाय. कशानं पडला ते आमाला काय कळतंय?"

मी बाही वर केली. हातावर तीन पांढरे गोल उठले होते. छोटा, मधला, मोठा.

आजोबा वाकून बघायला लागले. दाराआडून मुलाची आजी बाहेर आली. तिनं माझा हात धरून उजेडाकडे नेला, बोटानं डाग चोळून पाहिले. "तुमच्यात हाय का गं कुनाला कोड?"

"नाही आजी. ह्या टिकल्या मी मुद्दाम लावल्या. कार्डावर असतात तेवढ्याच मापाच्या."

आजीनं एकदम वळून दाराकडे हाक मारली, "संगीता! इकडं ये. काढ तुझी टिकली."

मोठी सून पुढं आली. टिकली काढली. तिच्या कपाळावर फिकट, नुकतं उमटू लागलेलं एक कडं होतं. आत एकच गलका झाला. घरातल्या सगळ्या बायका आपापल्या टिकल्या काढून एकमेकींची कपाळं बघत होत्या आणि एक आरसा हातोहात फिरत होता. सुमनताई ओसरीवर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मला वाटलं रडतायत. जवळ गेले तर हसत होत्या.

चहा आला. आजोबा म्हणाले, "मास्तर, आमच्या सुनेचं बरं व्हईल ना?" सर म्हणाले, "लवकर लक्षात आलंय. होईल." आणि झालंही. कांताचं लग्न त्याच उन्हाळ्यात लागलं. आम्ही दोघंही जेवायला होतो.

सुमनताईंचा डाग मात्र पुरता गेला नाही. हिंगोलीच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे सर त्यांना वर्षभर नेत होते. कडेनं रंग भरत आला, मध्ये शेंगदाण्याएवढा राहिला तो राहिलाच. माझ्या हातावरचे दोन गेले, मोठा अजून आहे. तो दिसला की मला वाईट वाटतं, पण त्याबद्दल नाही. मी पहिल्या तीन दिवसांऐवजी तीन महिने थांबले असते तर, याबद्दल वाटतं.

पुढे हिंगोली जिल्हा झाला, मंडळ वाढलं, सतरंजीच्या जागी खुर्च्या आल्या. सर निवृत्त झाले. दोन हजारनंतरच्या एका बैठकीत ठरलं की मंडळासाठी राबलेल्या माणसाचा सेवा आणि नेतृत्वाबद्दल दर वर्षी सन्मान करायचा. पहिलं नाव कुणाचं, यावर चर्चाच झाली नाही. शाल द्यायची की घड्याळ, यावर दीड तास झाली.

कार्यक्रमाच्या सकाळी फलक लागला आणि मी कपाळाला हात लावला. रंगाऱ्यानं 'ज्येष्ठ रसायनज्ञ' ऐवजी स्वतःच्या समजुतीनं 'ज्येष्ठ ब्यूटिशियन' लिहिलं होतं. बदलायला वेळ नव्हता. सर आले, टक्कल पुसत त्यांनी वर वाचलं आणि म्हणाले, "असू द्या. निदान ज्येष्ठ बरोबर आहे."

शाल द्यायला मी सुमनताईंना बोलावलं होतं. मानपत्र मी वाचणार होते. वाचता वाचता टिकलीच्या प्रसंगाशी आले आणि कागद खाली ठेवला. मी म्हणाले, "इथं लिहिलंय की सरांनी स्वतःची चूक सगळ्यांपुढे सांगितली. ती चूक त्यांची नव्हती. तो गोंद मी आणला होता. इतकी वर्षं त्यांनी ती स्वतःच्या नावावर ठेवली आणि मी ठेवू दिली."

सर उठले, माइकजवळ आले. त्यांचा चेहरा चक्क त्रासलेला होता. "हे मानपत्र दुरुस्त करावं लागेल," ते म्हणाले. "मी कुणाची चूक अंगावर घेतलेली नाही. कागदावर सही माझी होती. तपासायचं काम सही करणाऱ्याचं. या बाई इतकी वर्षं माझी चूक स्वतःची म्हणून जीव जाळत होत्या, आणि मला पत्ता नाही."

"सर, पण गोंद..."

"पण सही..."

आम्ही दोघं दोन मिनिटं माइकवर भांडलो. लोक हसायला लागले. तेव्हा सुमनताई शाल हातात घेऊन उठल्या.

"तुमी दोघंबी मागून भांडा," त्या म्हणाल्या. "चूक कोनाची ते तुमी ठरवा. कपाळ माझं व्हतं."

त्यांनी सरांच्या खांद्यावर शाल घातली, मग म्हणाल्या, "हे मास्तर माझ्या बहिणीच्या दारात आले म्हनून मी आज इथं आले. पण तुमी सगळे टिकल्या, क्रीमा करता, आपसात बोलता. लावनारीला कधी इचारता का?"

सरांनी त्याच व्यासपीठावरून ठराव मांडला, शाल अंगावर असतानाच. सुमनताई मंडळाच्या सभासद. घटनेत सभासदाला रसायनशास्त्राची पदवी हवी असं कलम होतं. शेखसाहेब उठून म्हणाले, "कलम बदल दो." बदललं.

त्या खरोखरच दर बैठकीला यायला लागल्या. गोरेगावहून जीपनं हिंगोलीला. पहिल्या रांगेत बसून वही काढायच्या. त्यांना रसायनांची नावं कळायची नाहीत, त्यामुळे आम्हाला ती सोपी करून सांगावी लागायची, आणि सोपी करताना आमच्याच लक्षात यायचं की काय काय तपासलेलं नाही. नवा माल मांडणारे केमिस्ट आम्हा चिटणीस-अध्यक्षांना भीत नसत, तेवढे त्यांना भीत.

एकदा बाहेरून बदलून आलेल्या एका हुशार तरुण केमिस्टनं गोरं करणाऱ्या क्रीमवर भाषण दिलं. पडद्यावर चित्रं होती. सहा आठवड्यांत रंग कसा उतरतो ते त्यानं झकास दाखवलं. टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतला हात वर झाला.

"दादा, रंग उतरल्यावर थांबवायचं असलं तं थांबतो का?"

तो म्हणाला, "म्हणजे कसं, ताई?"

सुमनताईंनी कपाळावरचे केस बाजूला केले. "मानूस पांढरं झालं की घरात त्याचं ताट वेगळं करतात. म्या बघितलंय. तुझ्या क्रीमचं तू हे तपासलं का न्हाई, येवढंच सांग. न्हाई म्हनलास तरी चालंल. पण खरं सांग."

तरुण पडद्यासमोरून बाजूला झाला. मग म्हणाला, "नाही ताई. सहा आठवडेच तपासलंय." आणि त्यानं भाषणाचे कागद गुंडाळून पिशवीत ठेवले. जेवणाच्या सुट्टीत तो ताट घेऊन सुमनताईंच्या शेजारी जाऊन बसला, आणि संध्याकाळपर्यंत त्या दोघांनी मिळून वहीत आणखी काय काय तपासायचं याची पानभर यादी केली होती.

त्या वर्षीचा सन्मान कुणाला द्यायचा यासाठी समितीची बैठक ठेवली होती. सर खास आले होते. सुमनताईंचं नाव निघालं, बैठक पाच मिनिटांत संपली, आणि उरलेला वेळ आम्ही रंगाऱ्याला फलकावर नेमकं काय लिहायला सांगायचं, यावर वाद घातला.